गॅस जातो कुठे?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

«सर, मुलगा यंदा दहावी झाला. 71 टक्के पडले, गणितात 54. त्याला एसी-फ्रिजचं काम शिकायचं आहे आणि त्याचं ते पक्कं आहे. घरात मात्र तीन मतं. ह्यांचं म्हणणं, पॉलिटेक्निकला मेकॅनिकल डिप्लोमा कर, आयटीआय म्हणजे ज्यांना कुठेच मिळत नाही त्यांच्यासाठी. माझ्या भावाचं पिंपळगावला एसी-फ्रिज दुरुस्तीचं दुकान आहे. तो म्हणतो, दोन वर्षं वर्गात बसून काय मिळणार, माझ्याकडे पाठव, सहा महिन्यांत गॅस भरायला शिकवतो. आणि नाशिकच्या एका खासगी संस्थेतून रोज फोन येतो. सहा महिन्यांचा 'एचव्हीएसी डिप्लोमा' (म्हणजे एसी-हीटिंगच्या कामाचा), फी 85 हजार, शंभर टक्के नोकरी, दुबईलाही पाठवतात म्हणे. दुबईचं ऐकून पोरगा तिकडे झुकलाय. तीन एकर द्राक्षबाग आहे, पण मागच्या अवकाळीत हातचं गेलं. काय करावं?
— एक आई, निफाड तालुका»

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रातलं 'सहा महिन्यांत गॅस भरायला शिकवतो' हे वाक्य मी दोनदा वाचलं. भावावर रागावू नका, तो खोटं बोलत नाही. माझीही सुरुवात तिथूनच झाली होती, म्हणून आधी ती सांगतो.

1991चा उन्हाळा. मी एका दुकानात हेल्पर होतो, सायकलच्या कॅरिअरला सिलेंडर बांधून फिरायचो. एका काकूंचा 165 लिटरचा फ्रिज गार होत नव्हता. मार्चमध्ये गॅस भरला. एप्रिलच्या शेवटी पुन्हा बोलावणं आलं, पुन्हा भरला. जूनमध्ये तिसऱ्यांदा गेलो, दाब मोजायचं गेज लावलं आणि सिलेंडरला हात घालणार, तेवढ्यात काकू म्हणाल्या, "अरे बाळा, गॅस काय आम्ही पितो का? जातो कुठे तो?" मला उत्तर येत नव्हतं. दुकानात तो प्रश्न कधी कुणी विचारलेलाच नव्हता. मग त्यांनीच फ्रिज भिंतीपासून ओढला आणि मागच्या जाळीच्या एका जोडावर बोट ठेवलं. "इथे सारखा तेलाचा डाग पडतो बघ. मी दर शनिवारी पुसते."

ताई, फ्रिजमधून गॅस गळतो तेव्हा कॉम्प्रेसरचं तेलही थोडं थोडं बाहेर येतं. जिथे तेल, तिथे भोक. काकू तीन महिने दर शनिवारी आमचा पुरावा पुसत होत्या आणि आम्ही तीनदा पैसे घेतले होते. साबणाचा फेस लावला, बुडबुडा आला, जोड झाळला. पुढे त्या फ्रिजची तक्रार माझ्या कानावर आली नाही.

नंतर मी आयटीआय केलं, काही वर्षं कंपनीत सर्व्हिसला होतो आणि पुढे वीस वर्षं आयटीआयमध्येच निदेशक म्हणून पोरांना शिकवलं. हा धंदा गॅस भरण्याचा नाही. गॅस का गेला, थंडावा का कमी पडला, कॉम्प्रेसर का जळला, हे शोधण्याचा आहे. मुलाला कुठे घालायचं हे ठरवताना मी एवढंच बघेन, की तिथे काकूंचा तो प्रश्न कुणी विचारतं का.

आता भावाच्या दुकानाकडे येऊ. तिथे जे मिळेल ते कुठल्याच वर्गात मिळत नाही, हे आधी कबूल करतो. गिऱ्हाइकाशी बोलायचं कसं, चालू स्वयंपाकघरात पसारा न करता काम कसं करायचं, कॉम्प्रेसरच्या आवाजावरून रोग कसा ओळखायचा, उधारी कुणाला द्यायची आणि कुणाला नाही. हे मामाच शिकवणार. पण त्याला दोन गोष्टी विचारा, भांडणाच्या सुरात नाही, सहज. दुकानात ग्रॅममध्ये मोजणारा वजनकाटा आहे का? आणि व्हॅक्यूम पंप शेवटचा कधी चालवला?

का विचारायचं ते सांगतो. नवा स्प्लिट एसी बसवताना घरातल्या युनिटपासून बाहेरच्या युनिटपर्यंत तांब्याच्या दोन नळ्या जातात. नळ्यांत हवा असते, हवेत ओल असते. ती काढायला व्हॅक्यूम पंप लावायचा. गेजची सुई शून्याच्या खाली उतरत उतरत उणे तीस इंचाजवळ जाऊन बसते. एवढ्या कमी दाबाला पाणी खोलीच्या तापमानालाच उकळतं आणि वाफ होऊन पंपातून निघून जातं. पंप चांगला अर्धा तास चालू द्यायचा, मग बंद करून सुईकडे बघत बसायचं. सुई वर सरकली तर कुठेतरी गळती आहे किंवा ओल राहिली आहे. पोरांना सगळ्यात कंटाळा याच दहा मिनिटांचा. हातात काही काम नाही, नुसतं बघायचं.

मे महिन्यात दिवसाला पाच-सहा एसी बसवायचे असतात, तेव्हा काय होतं? बाहेरच्या युनिटचा वॉल्व्ह चावीने जरासा उघडायचा, दुसऱ्या टोकाचा नट सैल ठेवायचा, 'फुस्स' आवाज आला की नळीतली हवा गेली असं मानायचं, नट आवळायचा, की चहा. ओल आतच राहते. ती तेलात मिसळते, आम्ल तयार होतं आणि दोन-तीन वर्षांनी कॉम्प्रेसरची वाइंडिंग, म्हणजे मोटरची गुंडाळलेली तार, जळते. तोवर वॉरंटीचं कार्ड कुठे ठेवलंय ते कुणाला आठवत नसतं.

जुन्या आर-22 गॅसवर हे खपून गेलं, कारण तो पेट घेत नाही. आता बहुतेक नव्या एसींत आर-32 येतो. तो सौम्य का होईना, ज्वलनशील आहे. काही एसींत आर-290 असतो, म्हणजे सरळ प्रोपेन. तुमच्या घरचा फ्रिज गेल्या काही वर्षांतला असेल तर मागच्या पट्टीवर आर-600ए लिहिलेलं दिसेल. तो आयसोब्युटेन, स्वयंपाकाच्या गॅसचा सख्खा भाऊ. अख्ख्या फ्रिजमध्ये तो 40-50 ग्रॅमच्या आसपास असतो, मूठभर शेंगदाण्यांच्या वजनाइतका. तो काट्यावर मोजूनच भरावा लागतो. 'गेजला एवढं दिसलं की बास' हा जुना हिशोब तिथे चालत नाही. इन्व्हर्टर एसीतही चालत नाही, कारण कॉम्प्रेसरचा वेग सतत बदलतो आणि त्याबरोबर दाबही. आणि असा फ्रिज रिकामा न करता, खोली उघडी न ठेवता, त्याच्या नळीला झाळायची ज्योत लावली, तर काय होईल ते मी लिहीत नाही.

मामाच्या कारकिर्दीत गॅस कितीदा बदलला ते त्यालाच विचारा. त्याने जुन्या फ्रिजमधला आर-12 पाहिला असेल. ओझोनचा थर वाचवण्याच्या मॉन्ट्रिअल करारामुळे 2010 पर्यंत आपल्याकडे त्या गटातले वायू बंद झाले. आर-22 वर त्याचं दुकान उभं राहिलं. नवी यंत्रं बनवताना तो वापरणं 2024 अखेर थांबलं. आज ज्यावर सगळा बाजार चाललाय तो आर-32ही शेवटचा नाही. त्याच करारात किगालीला झालेल्या दुरुस्तीला भारताने 2021 मध्ये मान्यता दिली आहे आणि त्यानुसार 2032 पासून या गटातले वायूही टप्प्याटप्प्याने कमी करायचे आहेत. तेव्हा तुमचा मुलगा ऐन उमेदीत असेल. ज्याला फक्त हाताची सवय आहे तो प्रत्येक बदलाला पुन्हा हेल्पर होतो. ज्याला दाब आणि तापमानाचं नातं कळलंय तो नवा तक्ता भिंतीला चिकटवतो आणि कामाला लागतो.

म्हणून माझं मत आयटीआय. ट्रेडचं नाव रेफ्रिजरेशन अँड एअर कंडिशनिंग टेक्निशियन. जुने लोक अजून एमआरएसी म्हणतात. दोन वर्षांचा आहे. पहिल्या वर्षी सुरुवातीला मुलगा घरी येऊन कुरकुर करेल, "आई, नुसतं कानस घासायला लावतात." लावतीलच. फिटिंग, पत्राकाम, गॅस वेल्डिंग, वायरिंग, मोटर, थोडं इलेक्ट्रॉनिक्स, मग फ्रिज आणि एसी. दुसऱ्या वर्षी वॉटर कूलर, बर्फाची मशिनं, गाडीचा एसी, कोल्ड स्टोअरेज, सेंट्रल प्लांट. एसीचे बरेच बिघाड वायरिंगमध्येच सापडतात, तेव्हा ते कानस आणि वायर वाया जात नाही. शेवटी केंद्र सरकारचं राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळतं. त्यावर वर्षभराची अप्रेंटिसशिप करता येते, स्टायपेंडसह. तुमच्या यजमानांना हेही सांगा, की रेल्वेच्या असिस्टंट लोको पायलटच्या भरतीला जे आयटीआय ट्रेड चालतात त्यात हा ट्रेड आहे. मामाच्या दुकानातल्या दहा वर्षांच्या अनुभवावर तो फॉर्म भरता येत नाही.

पण सगळी आयटीआय सारखी नाहीत, हे मी आतून बघितलंय. काही ठिकाणी वर्कशॉप झकास, काही ठिकाणी चार फ्रिजचे सांगाडे आणि त्यावर पांढरी चादर. सरकारी असो की खासगी, फॉर्ममध्ये विकल्प टाकण्याआधी एक दिवस काढून मुलाला घेऊन जा, शक्यतो दुपारी, प्रॅक्टिकलच्या वेळी. ऑफिसात बसू नका, 'जरा वर्कशॉप बघू का' म्हणा. व्हॅक्यूम पंप किती आहेत ते मोजा आणि त्यांच्यावर धूळ आहे की तेलाचे हात, ते बघा. एखादा इन्व्हर्टर एसी आहे का बघा. बाकावर पोरांनी केलेले फ्लेअर पडलेले असतील. फ्लेअर म्हणजे तांब्याच्या नळीचं कर्ण्यासारखं उघडलेलं तोंड. एखादा हातात घ्या. कड गुळगुळीत असेल आणि पोरांनी वाया घालवलेल्या तुकड्यांचा ढीग शेजारी असेल, तर तिथे शिकवतात. तांबं महाग आहे, म्हणून काही ठिकाणी पोरांना नळी कापूच देत नाहीत, सर कापतात आणि वीस जण बघतात. बघून हे येत नाही. सर भेटले तर एवढंच विचारा, या ट्रेडला स्वतःचा निदेशक आहे की दुसऱ्या ट्रेडचे सर सांभाळतात.

प्रवेश राज्याच्या व्यवसाय शिक्षण संचालनालयाच्या पोर्टलवरून होतात. पहिल्या नंबरला टाकलेलं मिळालं तर ते घ्यावंच लागणार, असं धरूनच क्रम लावा. सायबर कॅफेवाल्याच्या अंदाजाने लावू नका. सरकारी संस्थेची फी तुम्हाला फोनवर सांगितलेल्या 85 हजारांच्या पासंगालाही पुरणार नाही.

त्या फोनवाल्यांबद्दल फार लिहीत नाही. सहा महिन्यांच्या कोर्सलाही 'डिप्लोमा' असं नाव लावलेलं दिसतं, पण कंपनीच्या किंवा रेल्वेच्या भरतीत डिप्लोमा म्हणजे तंत्रशिक्षण मंडळाचा तीन वर्षांचा. पुन्हा फोन आला की विचारा, मान्यता कुणाची, आणि मागच्या बॅचच्या पाच मुलांशी बोलायला मिळेल का. बहुधा त्यानंतर फोन बंद होतील. छोटे कोर्स वाईट नसतात. व्हीआरएफ (एका बाहेरच्या युनिटवर अनेक खोल्या) किंवा चिलर (पाणी गार करून इमारत थंड ठेवणारं यंत्र) यांचे कोर्स मी स्वतः कंपनीत असताना केले. पण ते पाया झाल्यावर. पोळी लाटता येत नाही आणि पुरणपोळीच्या क्लासला गेलं, असं होतं.

दुबईला आपल्याकडची पोरं खूप जातात, एसीच्या कामाला तर नक्कीच. तिथे विचारतात ते ट्रेडचं प्रमाणपत्र आणि दोन-तीन वर्षांचा अनुभव. विसाव्या वर्षानंतर जाऊ दे खुशाल. तेव्हाही परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंद असलेल्या एजंटामार्फतच, आणि अशा एजंटाला 30 हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही, हे लक्षात असू द्या.

आता यजमानांचा डिप्लोमा. त्यांचं चुकतंय असं मी म्हणणार नाही. मेकॅनिकल डिप्लोमा झालेला मुलगा साइटवर सुपरवायझर होतो, हॉस्पिटलला किंवा मॉलला किती टनाचा प्लांट लागेल याचा हिशोब करतो, डक्टची, म्हणजे गार हवा नेणाऱ्या पत्र्याच्या बोगद्यांची, ड्रॉइंग काढतो, कोटेशन देतो. त्याचे हात काळे होत नाहीत आणि वरची पायरी लवकर मिळते. पण त्या तीन वर्षांत रेफ्रिजरेशन हा इतर विषयांतला एक. बाकी थर्मल, मशिन डिझाइन, उत्पादन आणि भरपूर गणित. तुमच्या मुलाला यंत्र उघडायचंय. गणितात 54 असताना पहिल्या वर्षाच्या गणितात अडकला तर ज्या गोष्टीची आवड आहे तिथपर्यंत पोचायच्या आतच तो वैतागेल. अशी मुलं मी पाहिली आहेत, दोन विषय राहिले म्हणून घरी बसलेली.

शिवाय आयटीआय म्हणजे डिप्लोमाचं दार बंद, असं नाही. दहावीनंतर दोन वर्षांचं आयटीआय केलेल्याला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. म्हणजे वडिलांची इच्छा एकच वर्ष उशिरा (मध्ये अप्रेंटिसशिप केली तर दोन) पुरी होते, आणि दरम्यान हातात एक हुन्नर येतं. यात एक खाच आहे, ती कुणी सांगत नाही म्हणून मी सांगतो. थेट दुसऱ्या वर्षाला गेलेली आयटीआयची मुलं हमखास गणितात आपटतात, कारण दोन वर्षं त्यांनी वर्कशॉपच्या हिशोबापलीकडे काही केलेलं नसतं. तिकडे जायचा विचार असेल तर आयटीआयच्या काळातच आठवड्यातून दोन संध्याकाळ अकरावी-बारावीचं गणित कुणाकडून तरी करून घ्या. गावात शिक्षक असेलच.

तुम्ही निफाडच्या, म्हणून एक गोष्ट जास्त लिहितो. एसी म्हटलं की पोरांच्या डोळ्यांपुढे मुंबईची ऑफिसं येतात. पण राज्यातलं सगळ्यात कमी तापमान बऱ्याचदा तुमच्या कुंदेवाडीला नोंदवलं जातं, आणि विकत घेतलेली थंडीही तुमच्या पट्ट्यात भरपूर लागते. तुमचीच द्राक्षं निर्यातीला जातात तेव्हा काय होतं ते मुलाला एकदा दाखवा. बागेतून 30 अंशांत तोडलेला माल प्रीकूलिंगला जातो, काही तासांत मण्याच्या गाभ्यापर्यंत 4 अंशांच्या खाली आणायचा, मग शून्याच्या आसपास, हवेत नव्वद टक्क्यांच्या वर ओलावा ठेवून साठवायचा. ओलावा कमी पडला तर देठ वाळून तपकिरी होतो, आणि परदेशातला खरेदीदार आधी देठच बघतो. तिथून रीफर, म्हणजे फ्रिजसारखा थंड कंटेनर न्हावा शेव्याला, आणि जहाजावरही तो थंडच राहिला पाहिजे. फेब्रुवारीतल्या रात्री दोन वाजता कोल्ड स्टोअरेजचा कॉम्प्रेसर ट्रिप झाला तर मालकाचा जीव खाली-वर होतो. त्याला तेव्हा मुंबईचा इंजिनिअर नको असतो, वीस मिनिटांत मोटरसायकलवर पोचणारा, कारण शोधू शकणारा माणूस हवा असतो. अशा मोठ्या प्लांटमध्ये बऱ्याच ठिकाणी अमोनिया असतो. वास डोळ्यांत पाणी आणतो, आणि जास्त झाला तर जीवच घेतो. ते काम अर्धवट शिकलेल्याने करू नये. पण नीट शिकलेली माणसं फार थोडी, म्हणून त्यांना मान आहे. तुमच्या पट्ट्यातलीच उदाहरणं दिली. जळगावकडे केळी पिकवायच्या खोल्या आहेत, सांगलीकडे बेदाण्याची कोल्ड स्टोअरेज, आणि दूध संकलनाच्या गावोगाव बल्क कूलर.

त्रासही सांगतो, नाहीतर म्हणाल सरांनी गोडच सांगितलं. सुरुवातीचा पगार बेताचा असतो. मार्च ते मे जेवायला वेळ नसतो आणि पावसाळ्यात फोन वाजत नाही. एसीची बाहेरची युनिटं लोक अशा ठिकाणी टांगतात, की तिथे कबूतरही विचार करून बसतं. चौथ्या मजल्याच्या छज्ज्यावर बेल्टशिवाय उतरायचं नाही, मालक ओरडला तरी, गिऱ्हाईक हसलं तरी. आयटीआयच्या पहिल्या दिवशी मी पोरांकडून हे म्हणवून घ्यायचो. आणि कॅपॅसिटरला, म्हणजे वीज साठवून ठेवणाऱ्या भागाला, वीज बंद केल्यावरही हात लावायचा नाही, तो आधी डिस्चार्ज करायचा. हे मामालाही माहीत असेल, पण पोराला आईने सांगितलं की जास्त लक्षात राहतं.

तर ताई, मी तुमच्या जागी असतो तर हे केलं असतं. जाण्या-येण्याच्या अंतरातलं, वर्कशॉप बघून पसंत पडलेलं आयटीआय पहिल्या नंबरला. पहिल्या वर्षी रविवारी आणि दिवाळीच्या सुट्टीत मामाच्या दुकानात, पण पगारावर. थोडा का असेना, पगार हवा, नाहीतर भाचा म्हणजे फुकटचा हेल्पर होतो. मे महिन्यात तर मामा स्वतःच न्यायला येईल. दोन वर्षं झाली की अप्रेंटिसशिपसाठी आधी तुमच्या पट्ट्यातलं एखादं कोल्ड स्टोअरेज किंवा प्लांटवाली कंपनी बघायची, मग एसी सर्व्हिस. आणि त्या वर्षाच्या शेवटी मुलगा, वडील आणि मामा यांनी एकत्र बसून डिप्लोमाचं ठरवायचं. तेव्हा तो अठरा-एकोणीस वर्षांचा असेल, त्याचंही मत तेव्हा ऐकण्यासारखं असेल.

वर्कशॉप बघायला जाताना भावालाही बरोबर न्या. तो दारातूनच नाक मुरडेल, पण पंपाजवळ गेल्यावर दहा मिनिटं तिथून हलणार नाही, हे मी लिहून देतो. आणि किती पंप मोजले ते मला जरूर कळवा.